उद्या मासळी कुठे मिळणार? साथीच्या काळातल्या गावच्या रेडिओबद्दल

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. आमची संस्था सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे परिसरातल्या लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या छोट्या केंद्रासाठी, अर्ज करायच्या विचारात आहे. बैठकीत एकाने विचारलं, ‘कोरोनात सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. मग व्हॉट्सॲपला जमलं नाही असं रेडिओने काय केलं?’ मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही त्या काळात लोकांचं रोजचं जगणं रेडिओवर कसं आणलंत? पुन्हा तशी वेळ आली तर आम्ही काय तयारी ठेवावी?

उत्तर :

त्या गृहस्थांचा प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर पहिल्या महिन्यात आम्ही फारसं काहीच केलं नाही. मी आकाशवाणीच्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रावर 23 वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. एका पाळीला एक निवेदक, एक अभियंता. दिल्ली-मुंबईचे कार्यक्रम सहक्षेपित करायचे आणि मधल्या फटीत भावगीतं लावायची. दर अर्ध्या तासाला ‘हात धुवा, तोंड झाका, घरीच राहा’. मीच ते दिवसातून पंधरा-वीस वेळा म्हणत होते आणि मलाही त्यात गैर वाटत नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर एका बाईंचा फोन आला. डोंगराकडच्या धनगरवाड्यावरून. म्हणाल्या, ‘बाय, तू सारखी हात धुवा म्हणतेस. आमच्याकडे टँकर तीन दिवसांनी येतो. धुवू कशाने ते पण सांग की.’

मी गप्प झाले. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, हे मला जन्मापासून माहीत. तरी माझ्या तोंडून शहरातल्या नळाची भाषा येत होती. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकाताईंना फोन करून त्यांच्याच आवाजात दोन मिनिटं घेतली. आधी हात नुसते ओले करायचे, मग पाणी बाजूला ठेवून साबणाने वीस सेकंद चोळायचे आणि शेवटी अर्ध्या तांब्यात धुवायचे. खालचं पाणी परसातल्या अळवाला. त्या दोन मिनिटांवर जितके फोन आले तितके महिनाभराच्या सगळ्या सूचनांवर मिळून आले नव्हते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. रोग काय आहे हे सांगायला जगभरातली माध्यमं होती. रोग असताना उद्याचा दिवस कसा काढायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मग आम्ही संध्याकाळची दहा मिनिटं मागून घेतली आणि त्यात फक्त उद्याचं सांगायचं ठरवलं. किराणामालाची गाडी उद्या कोणत्या गावांना जाणार, रेशनवर माणशी पाच किलोचं मोफत धान्य कोणत्या दुकानात आलंय, डायलिसिसच्या रुग्णांना कोणता रस्ता उघडा आहे, आणि मासळी. मासळीचं ऐकून शहरातले लोक हसतात. इथे ती निम्म्या घरांचं जेवण आणि बाकीच्यांचा धंदा. हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव होतो, माणसाला माणूस चिकटलेलं. तो प्रकार बंद करावाच लागला. मग मासेवाल्या कोणत्या गावात कधी फिरणार, टोपली कुठे ठेवणार, गिऱ्हाइकाने किती लांब उभं राहायचं, हे सांगायला त्यांच्यातल्याच एकीचा आवाज घेतला. तिने दर सांगायला मात्र नकार दिला. ‘दर मी दारात ठरवीन, रेडिओवर नाय.’ बरोबरच होतं तिचं.

व्हॉट्सॲपवर हे नव्हतं का? होतं. पण तिथे मागच्या मंगळवारची किराणा गाडी या शुक्रवारी पुन्हा फिरत येई. कुणीतरी पुढे ढकललेला निरोप नेमका कधीचा, हे कळायला मार्ग नसे. आमचा नियम साधा होता. जिच्या-ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्या माणसाला त्याच दिवशी दुपारी चारनंतर फोन करायचा आणि शंका असेल तर दुसऱ्या टोकालाही. गाडीवाला ‘येतो’ म्हणाला तरी सरपंचांना विचारायचं की वाट अडवायला गावाच्या वेशीवर बांधलेला बांबू उघडणार का. एकदा गाडी खरंच येणार होती आणि बांबू उघडणार नव्हता.

बांबूवरून आठवलं. तुम्ही तेव्हा कदाचित शिकत असाल, पण चाकरमान्यांचं जे झालं ते कोकणातल्या कुठल्याही रेडिओने विसरू नये. वर्षानुवर्षं ज्यांच्या मनिऑर्डरीवर गावं जगली, तेच लोक मे महिन्यात मुंबईहून येऊ लागले तेव्हा वाड्यांनी वाटा अडवल्या. कशेडी घाटात रांगा, खारेपाटणला पुन्हा तपासणी, हातावर शिक्का, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस. काही जण तर रेल्वेच्या रुळांवरून चालत आले. हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. 1896 च्या प्लेगात मुंबई सोडून माणसं अशीच कोकणात परतली होती.

एका आजींचा आवाज अजून माझ्याकडे आहे : ‘आमचो झील मुंबयत आसा. तो येतंय म्हणता, वाडीतली माणसां नको म्हणतत. मी काय करूचा?’ याचं उत्तर कोणत्याही शासकीय परिपत्रकात नव्हतं. आम्ही तो आवाज तसाच लावला, आजींना विचारून, नाव-गाव न सांगता. त्यावर कुणाचंही भाष्य ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच तालुक्यातल्या एका ग्राम कृती दलातला, म्हणजे साथीसाठी नेमलेल्या गावच्या समितीतला, माणूस बोलायला तयार झाला. त्यांनी शाळेच्या मागे नवीन संडास कसा बांधला, जेवणाचे डबे कठड्यावर कोण ठेवतं, आणि आलेल्या पोरांनी दिवस घालवायला शाळेच्या भिंती कशा रंगवून दिल्या, हे त्याने सांगितलं. उपदेश एका शब्दाचा नव्हता. त्यानंतर तीन गावांतून ‘तो संडास बांधायला किती खर्च आला’ असे फोन आले. मी त्या साथीत केलेल्या कामांपैकी मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होणार आहे. जुलैमध्ये तालुक्याकडून आलेला कागद मी हवेवर जसाच्या तसा वाचला : अमुक गावच्या अमुक वाडीत तीन रुग्ण. त्या वाडीत घरं सात. कोण ते शोधायला कुणाला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या घरचं दूध घेणं लोकांनी बंद केलं, गिरणीवाल्याने दळणाचा डबा परत पाठवला. त्या घरातला माणूस बरा होऊन आल्यावर मला फोनवर म्हणाला, ‘आजार चौदा दिवसांत गेला ताई, तुमची बातमी गेली नाही.’ मी माफी मागितली. त्याने माफ केलं की नाही, माहीत नाही.

त्या दिवसापासून रुग्णांचा आकडा तालुक्याच्या खाली न्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालं तर सांगावंच लागतं, पण तेव्हाही घर किंवा वाडी न सांगता रस्ता सांगायचा : ‘देवळाकडून बंदराकडे जाणारी वाट बंद, स्टँडकडून जा.’ ऐकणाऱ्याला लागणारी माहिती तेवढीच असते. बाकीचं कुतूहल. मोठ्या शहरातल्या वृत्तनिवेदकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे आकड्याला चेहरा नसतो. गावच्या रेडिओत प्रत्येक आकड्याला चेहरा असतो.

भाषेबद्दल थोडं. विलगीकरण, सामाजिक अंतर, प्रतिबंधित क्षेत्र हे शब्द कागदावर ठीक. खळ्यात काजूच्या बिया वाळवणाऱ्या माणसाला ते कानावरून जातात. एका दशावतारी कलावंताने आम्हाला गाऱ्हाण्याची, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं घालण्याची, कल्पना दिली. त्यांचा सीझन गेलेला. दशावताराचे खेळ कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत जत्रांमधून चालतात. ऐन भरातच मार्चमध्ये सगळं थांबलं, आणि पुढच्या वर्षी 2021 ला आंगणेवाडीसारखी जत्रासुद्धा आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. तर या गृहस्थांनी घरातल्या पडवीत, बायको-मुलांना ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला बसवून, मोबाइलवर गाऱ्हाणं घातलं :

‘बा देवा म्हाराजा, जो कोण लेकरू मुंबयसून घराक इलो आसात, तेका चौदा दिवस शाळेत सुखान ऱ्हवाक दी रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’
‘तेच्या पोटाक अन्न आणि अंगाक बळ दी रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’
‘आणि जो कोण तेका वाळीत टाकूक बगता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’

शेवटच्या ओळीला मागून त्यांच्या धाकट्या मुलाचं खुदकन हसू आलं होतं. अभियंता म्हणाला, कापू का? मी म्हटलं, हात लावू नकोस. एक लक्षात ठेवा, हे चाललं कारण गाऱ्हाणं घालायचा त्या माणसाला अधिकार होता आणि त्याची मालवणी त्याची स्वतःची होती. नंतर शहरातल्या कुणीतरी लिहून पाठवलेलं ‘मालवणी विनोदी प्रहसन’ आम्ही एकदा लावलं. लोकांनी फोन करून झाडलं. आणि मालवणी सगळीकडे चालत नाही. तुमच्या राजापूर-लांज्याकडची बोली वेगळी, संगमेश्वरी वेगळी, खारवी आणि कोळी लोकांची आणखी वेगळी. आंब्याच्या बागांत राखणीला आणि होड्यांवर खलाशी म्हणून कितीतरी नेपाळी माणसं होती. गाड्या बंद झाल्यावर ती इथेच अडकली आणि त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. एका बागेतल्या पोराकडून आम्ही चार वाक्यं नेपाळीत घेतली : जेवण कुठे मिळेल, नाव कुठे नोंदवायचं. तुमच्या परिसरात कोण कोणती भाषा बोलतं त्याची यादी साथ यायच्या आधी करून ठेवा.

मोबाइलवाल्या गृहस्थांना खरं उत्तर 3 जून 2020 ला मिळालं. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि रायगडसह मंडणगड-दापोलीची पार दैना करून गेलं. माडा-पोफळीच्या बागा आडव्या, छपरांचे पत्रे उडालेले, विजेचे खांब मोडलेले. काही गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. मोबाइलचे मनोरे मुके, आणि मनोरा चालू असला तरी फोन चार्ज कुठे करणार? वर साथ चालूच. ज्या शाळांत चाकरमानी विलगीकरणात होते, त्याच शाळांत छप्पर गेलेल्यांना आसरा द्यायचा होता. सुरक्षित अंतराचं काय करायचं ते कुणीच सांगू शकलं नाही.

आमचं केंद्र दक्षिणेकडे असल्याने चालू राहिलं. मुंबईहून फोन येऊ लागले : ‘आईला सांगा, पैसे पाठवलेत, पत्रे घ्यायला घाई करू नको म्हणावं.’ खासगी निरोप प्रसारणाच्या चौकटीत बसतात का, हे वरिष्ठांना विचारलं. त्यांनी रात्री अकराला ‘वाचा’ म्हटलं. आम्ही वाचले. किती जणांपर्यंत पोचले ते सांगता येणार नाही. रेडिओ बहुतेकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेला, आणि सेल मिळत नव्हते. एका गावात म्हणे ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून देवळाच्या पायरीवर रेडिओ लावत आणि मंडळी लांब लांब बसून ऐकत. त्यातल्या एकाने नंतर विचारलं, ‘कौलं कुठे मिळतात ते तुम्ही रोज सांगत होता, ताडपत्रीचं एकदाच का सांगितलंत?’ ताडपत्रीची गरज जास्त होती. चूक आमचीच.

इथे थोडी तांत्रिक बाब, कारण तुमच्या निर्णयाशी तिचा संबंध आहे. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) जमिनीला धरून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच छान जातात, म्हणून त्या होडीवरही लागतात. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. सामुदायिक रेडिओला मिळतं ते एफएमच, तेही 100 वॉट प्रभावी शक्तीपर्यंतचं. सपाट मुलखात त्याचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटर धरतात. आपल्याकडे सड्यावर आवाज खणखणीत येईल आणि खाली खलाटीतल्या वाडीत नुसती खरखर. मध्यम लहरींचंही दुखणं आहे : स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर त्यांत भुणभुण घालतात. वादळात वीज गेली तेव्हा आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ येत होता, असं दापोलीकडच्या एका श्रोत्याने सांगितलं. मोबाइलमधला एफएमही लोकांना समजावून सांगावा लागतो. बहुतेक फोनना त्यासाठी वायरवाला इयरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना होते. नव्या अनेक फोनमध्ये तर ती सोयच नाही.

ध्वनिमुद्रण कसं केलं हे तुमच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. घराबाहेर जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही लोकांनाच मुद्रण करायला शिकवलं. फोन तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर. पंखा बंद. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलायचं, नाहीतर डोक्यावरून गोधडी घ्यायची. मी स्वतः मे महिन्यातल्या उकाड्यात गोधडीखाली घामाघूम होऊन अख्खी मालिका वाचली आहे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवताना तो फोनच्या रेकॉर्डरवर घेऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आवाज दाबला जातो. आणि प्रत्येकाला शेवटी अर्धा मिनिट गप्प बसायला सांगा. त्या अर्ध्या मिनिटात कोंबडी, पाऊस, शेजारच्या रहाटाचा आवाज येतो. संपादनाला तो लागतोच, शिवाय आज ते सगळे अर्धे मिनिट एकापाठोपाठ ऐकले की 2020 सालचं कोकण समोर उभं राहतं. एसटीच्या हॉर्नविना सकाळ कशी होती ते मला फक्त त्यांतच सापडतं.

गणपतीबद्दल एवढंच. त्या वर्षी चतुर्थी 22 ऑगस्टला होती. बारा तारखेच्या आत पोचा आणि दहा दिवस वेगळे राहा, उशीर झाला तर तपासणी करून या, असा नियम निघाला. आम्ही तो तारखेचा हिशोब मांडून सांगत होतो : दहाला निघालात तर आरतीला उभे राहाल. ज्यांना येताच आलं नाही त्यांच्यासाठी घरच्या आरत्या लावल्या. भजनात गळे बेसूर होते. तक्रार एकही नाही.

लसीच्या काळात आणखी एक शिकलो. कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्च 2021 मध्ये सहा ते आठ झालं, 13 मे रोजी बारा ते सोळा. आमची मुद्रित सूचना ‘सहा ते आठ’ म्हणत बदलानंतरही दोन दिवस वाजत राहिली, आणि म्हातारी माणसं रिक्षाला पैसे घालून केंद्रावर जाऊन परत आली. तेव्हापासून प्रत्येक ध्वनिफितीच्या नावातच शेवटची तारीख घालतो. तारीख उलटली की फीत यादीतून बाद, मग ती कितीही सुंदर असो. आरोग्याच्या सूचनेत हे एकच बंधन पाळलंत तरी पुष्कळ.

मृत्यूंबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कोकणात माणूस गेला की अख्खी पंचक्रोशी येते. त्या काळात सख्खे भाऊ कशेडीच्या पलीकडे अडकले. आम्ही रात्री आठवणींना पंधरा मिनिटं दिली. कशाने गेले ते सांगायचं नाही, एवढीच अट. एका मुलाने वडिलांबद्दल फक्त इतकंच सांगितलं की ते नांगराच्या बैलांना शिव्या देताना फार प्रेमळ शिव्या देत. मला पुढचं गाणं लावायला वेळ लागला.

तयारीचं म्हणाल तर नियम तुम्ही वाचलेच असतील : संस्थेला किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, निम्मा तरी मजकूर स्थानिकांच्या सहभागातून हवा, आणि बातम्या स्वतःच्या करता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. या शेवटच्या अटीने खचू नका. पाणी, वीज, रस्ते, हवामान, आरोग्याची सूचना हे प्रशासनाकडून घेऊन सांगायला मोकळीक असते, आणि मी वर लिहिलं त्यातलं बहुतेक तेवढ्यात बसतं. आशाताई, पोस्टमन, वायरमन, एसटीचा वाहतूक नियंत्रक, बंदरावरचा एक जण आणि गिरणीवाला, एवढ्यांचे फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाइलमध्ये ठेवू नका.

आणि मायक्रोफोन-मिक्सरची यादी करण्याआधी एक काम करा. या आठवड्यात एक जुना सेलवरचा रेडिओ घ्या, दोन विद्यार्थी सोबत घ्या, आणि ज्या वाड्यांसाठी केंद्र काढायचं त्या सगळ्या पायी फिरा. प्रत्येक पाखाडीवर, व्हाळाच्या काठी, देवळापाशी रेडिओ लावून काय ऐकू येतं ते वहीत लिहा. जिथे काहीच लागत नाही तिथे थांबून ज्यांच्या ओटीवर बसाल त्यांना विचारा, वादळाच्या त्या आठवड्यात तुम्हाला पहिली बातमी कुणी दिली. त्या माणसाचं नाव तुमच्या वहीत पहिलं असू द्या.